जुहूची प्रवासी विमानं गेली, उंचीचा नियम मात्र राहिला; पनवेल-उरणकरांनी मजला चढवण्याआधी हे वाचा

पनवेल : नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं. २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानंही उडू लागली. आता उलवे, पनवेल, उरण भागात घर वाढवायचं म्हटलं की एकच प्रश्न निघतो, ‘विमानतळाची परवानगी लागते का?’ याचं उत्तर जुहूच्या उदाहरणातून नीट समजतं.

जुहूला काय झालं?

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन इथंच उतरले. पण पावसाळ्यात मैदानात पाणी साचायचं, म्हणून तेवढ्या दिवसांत टपालाचं विमान पुण्याहून चालवावं लागे. पुढं विमानं मोठी झाली, जुहूची जागा अपुरी पडली आणि १९४८ च्या सुमारास प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली. जुहूची धावपट्टी आजही जेमतेम १,१४३ मीटर आहे. नवी मुंबईची ३,७०० मीटर आहे.

मग जुहू बंद पडलं का? नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या या तळावरून समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार नेणारी हेलिकॉप्टरं उडतात. तिकीट काढून बसायचं विमान तिथं नाही. तरीही आसपासच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास उंचीच्या मर्यादेमुळं अडतो. कारण नियम धावपट्टीला बांधलेला आहे, विमान कंपनीला नाही.

आपण काय करायचं?

विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या भागाचा रंगीत नकाशा असतो. प्रत्येक रंगाला उंची ठरलेली असते. त्या उंचीच्या आतलं बांधकाम स्थानिक नियोजन प्राधिकरण मंजूर करतं. त्यावर जायचं असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. लाल पट्ट्यात तो लागतोच.

इथंच बरेच जण फसतात. ही उंची जमिनीपासून नसते, समुद्रसपाटीपासून असते. समजा नकाशात ६० मीटर दिलंय आणि तुमची जागा १५ मीटर उंचावर आहे, तर हातात उरतात ४५ मीटर. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइल टॉवर हे सगळं त्यातच धरायचं.

म्हणून बिल्डरशी करार करताना ‘इतके मजले देतो’ या तोंडी शब्दावर सही करू नका. आधी जागेचा रंग पाहा, दाखल्याची प्रत मागा.