नकाशातील रिकामी शेड आणि हंगामातील भरलेली शेड

नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका पैनगंगा आणि कयाधू या नद्यांच्या खोऱ्यात येतो आणि सोयाबीनने अलीकडे बरेच क्षेत्र व्यापले असले, तरी कापूस हे इथले जुने नगदी पीक आहे. दसरा-दिवाळीनंतर वेचणीला वेग आला की हा कापूस जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात येतो. तिथे जिन यंत्रांवर रुई आणि सरकी वेगळी होते आणि रुई दाबून साधारण १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. या प्रवासात आगीला निमित्त लहानसे पुरते. कापसासोबत आलेला खडा किंवा खिळा यंत्राच्या लोखंडावर आपटतो, एखादे बेअरिंग तापते आणि उडालेली ठिणगी रुई वाहून नेणाऱ्या हवेच्या नळातून थेट साठ्यापर्यंत पोहोचते. गाठीच्या पोटात शिरलेली धग बाहेर न दिसता बराच काळ धुमसत राहते. नांदेडहून अग्निशमन बंब मागवला, तरी तो तासाभराच्या आत पोहोचणे कठीण असते, म्हणून आगीच्या पहिल्या काही मिनिटांत तिला जागच्या जागी रोखणारी व्यवस्था शेडमध्येच असावी लागते. स्वयंचलित स्प्रिंकलर ही अशी व्यवस्था आहे.

छताखाली पाण्याने भरलेल्या नळांचे जाळे, त्या नळांवर ठरावीक अंतराने बसवलेली हेड आणि प्रत्येक हेडच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची कुपी, अशी तिची साधी रचना असते. कुपी ठरावीक तापमानाला फुटते, तेवढेच हेड उघडते आणि खालच्या दातेरी चकतीवर आपटून पाणी छत्रीसारखे पसरते. सगळी हेड एकदम उघडतात हा समज चुकीचा आहे. या तंत्राचे कापसाशी नाते जुने आहे, कारण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागातील कापड गिरण्यांनी आगीच्या भीतीने छताला भोके पाडलेले नळ लावले होते आणि १८७४ मध्ये हेन्री पारमली यांनी पेटंट घेतलेल्या स्वयंचलित हेडचा पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी विकास केला, तो याच गिरण्यांच्या परिसरात. आज भारतात या व्यवस्थेची मांडणी राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आणि भारतीय मानक १५१०५ यांच्या आधारे केली जाते, तर अमेरिकी मानक एनएफपीए १३ याचाही आधार अनेक अभियंते घेतात.

मानके हाताशी असूनही मांडणीत दोष राहतात आणि त्यांतले बहुतेक एकाच कारणातून उपजतात: नकाशा रिकाम्या शेडचा काढला जातो, आग मात्र भरलेल्या शेडला लागते. नकाशावर छत म्हणजे एक सपाट आयत असतो. प्रत्यक्षात तिथे लोखंडी कैच्या असतात, हवेचे नळ असतात, उतरते पत्रे असतात आणि हंगामात खालून वर चढत जाणारी गाठींची थप्पी असते. म्हणून दोष शोधण्याचे काम स्प्रिंकलरचा नकाशा एकटा वाचून होत नाही. तो कैच्यांच्या, हवेच्या नळांच्या आणि साठवणुकीच्या नकाशांवर ठेवून वाचावा लागतो.

असे वाचन करताना पहिली नजर अंतरांवर जाते. मध्यम धोक्याच्या जागेत एका हेडने साधारण १२ चौरस मीटर आणि अतिधोक्याच्या जागेत ९ चौरस मीटर क्षेत्र राखावे, असा दंडक आहे. शेड केवळ प्रक्रियेची समजून १२ चौरस मीटरच्या हिशोबाने मांडणी केली आणि मागाहून तिच्या एका भागात गाठी रचल्या, तर एकही हेड न हलता मांडणी सदोष ठरते. दुसरी नजर अडथळ्यांवर जाते. कैचीचा १०० मिलिमीटर रुंदीचा भाग हेडला खेटून असेल, तर पाण्याच्या छत्रीला त्याची आडकाठी होऊन पलीकडे कोरडा पट्टा राहतो. म्हणून अशा अडथळ्याच्या रुंदीच्या निदान तिप्पट, म्हणजे इथे ३०० मिलिमीटर अंतर ठेवण्याचा नियम वापरतात. अमेरिकी मानकाप्रमाणे अडथळा सुमारे १.२ मीटरपेक्षा रुंद असेल, तर त्याच्या खाली स्वतंत्र हेड द्यावे लागते. थप्पीचा माथा आणि चकती यांच्यात निदान ४५० मिलिमीटर मोकळी जागा लागते, पण ही जागा हंगामाच्या भरात सर्वांत आधी नाहीशी होते, कारण थप्पीवर आणखी एक थर चढवणाऱ्या हमालाला वरच्या हेडचे प्रयोजन कुणी सांगितलेले नसते.

मराठवाड्यात तापमानाचा दोष विशेष महत्त्वाचा आहे. कुपीच्या द्रवाचा रंग तिचे तापमान सांगतो: लाल ६८ अंश सेल्सिअस, पिवळा ७९, हिरवा ९३. कुपीचे तापमान त्या जागेच्या कमाल तापमानाहून साधारण ३० अंशांनी अधिक असावे, असा संकेत आहे. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना तापलेल्या पत्र्याखालची हवा ५५ अंशांवर गेली, तर ८५ अंशांची गरज निर्माण होते आणि हिरव्या कुपीशिवाय इलाज उरत नाही; तरीही वातानुकूलित कार्यालयासाठी योग्य असलेली लाल कुपी सवयीने पत्र्याच्या शेडच्या यादीतही लिहिली जाते. आग नसताना हेड उघडले की रुई भिजते, नुकसान होते आणि वैतागलेला मालक मुख्य वॉल्व्हच बंद करून टाकतो. अशा रीतीने कागदावरची एक चूक संपूर्ण व्यवस्था निकामी करते.

दोष सापडल्यावर तो दूर करण्याची पद्धत त्याहून नाजूक आहे, कारण कोरडा पट्टा दिसला की तिथे एक हेड वाढवून मोकळे होण्याचा मोह पडतो. हा मोह महागात का पडतो, याचा हिशोब उघड आहे. मध्यम धोक्यासाठी दर मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी ३६० चौरस मीटरवर पाडायचे, म्हणजे मिनिटाला १८०० लिटर पाणी लागते आणि ते ३० हेडमध्ये वाटले, तर प्रत्येकी ६० लिटर होते. ८० प्रवाह-गुणांकाच्या हेडला त्यासाठी सुमारे ०.५६ बार दाब हवा. तोच दाब ०.२५ बारवर उतरला, तर प्रवाह ४० लिटरवर येतो आणि आग आटोक्यात येण्याऐवजी पसरते. नळातील घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या सुमारे १.८५ व्या घाताने वाढते. एखाद्या बारीक नळावर प्रवाह दुप्पट केला की ही घट साडेतीन पटींहून अधिक होते. म्हणजे जवळची कोरडी जागा भिजवण्यासाठी वाढवलेले हेड शाखेच्या टोकाच्या हेडचे पाणी तोडू शकते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पंपापासून सर्वांत दूरच्या, सर्वांत प्रतिकूल क्षेत्राचे गणित नव्याने मांडावे लागते, गरजेप्रमाणे नळाचा व्यास वाढवावा लागतो आणि टाकीची क्षमता पुन्हा तपासावी लागते. तासभराच्या पुरवठ्यालाच वरच्या हिशोबाने १,०८,००० लिटर पाणी लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळात थर साचतात, ही गोष्टही गणितात धरावी लागते. वीज जाण्याची शक्यता लक्षात घेऊन डिझेल पंपाची सोय ठेवावी लागते.

ही दुरुस्ती कागदावर असताना स्वस्त असते आणि नळ लागल्यावर महाग होते, म्हणून नळ कापण्यापूर्वी अभियंत्याने प्रत्येक आक्षेप लेखी नोंदवणे, सुधारित नकाशाला नवा क्रमांक देणे, जुन्या प्रती कामाच्या जागेवरून काढून घेणे आणि काम संपल्यावर प्रत्यक्षात जसे बसले तसा नकाशा जपणे, या गोष्टी औपचारिक वाटल्या, तरी त्याच खऱ्या संरक्षणाच्या पायऱ्या आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने उपाययोजना करण्याची आणि त्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे आणि परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करणे आवश्यक केले आहे. हदगावच्या जिनिंगसाठी यांपैकी जानेवारीचे महत्त्व अधिक आहे, कारण तेव्हा शेड गाठींनी भरलेली असते. त्या महिन्यात नकाशा हातात घेऊन थप्पीची उंची, चकतीखालची मोकळी जागा आणि टोकाच्या हेडचा दाब मोजला, तर त्या प्रमाणपत्राला अर्थ उरतो. शेडमध्ये रात्रपाळीला राबणाऱ्या मजुरांचा आणि वर्षभराचा कापूस तिथे घालणाऱ्या शेतकऱ्यांचा त्या मोजणीवर हक्क आहे.