कोणत्या हवेत किती निसरडा?

आरशासारखी घासलेली पोलादी तबकडी निर्वात कक्षात जाण्याआधी अ‍ॅसिटोनमध्ये धुतात. तेवढ्याने भागत नाही. हवा काढून घेतल्यावर आयनांचा मारा करून पृष्ठभागावरचा उरलासुरला मळही उडवावा लागतो, कारण बोटाचा एक ठसा राहिला तरी लेप तिथून सुटू शकतो. मग मिथेन आणि हायड्रोजन सोडून प्लाझ्मा पेटवला, की काचेतून उजेड दिसू लागतो आणि तबकडीवर कार्बनचा काळसर, चकचकीत थर चढत जातो. त्याची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन.

हा हिऱ्यासारखा कार्बन, अर्थात डीएलसी. आयझेनबर्ग आणि शाबो यांनी १९७१ मध्ये आयनांच्या झोताने असे थर बसवल्याचे प्रसिद्ध केले. यात हिऱ्यातले बंध असतात, ग्रॅफाइटमधलेही असतात. सुबक स्फटिक मात्र नसतो. आज हार्ड डिस्कवर काही नॅनोमीटरचा असाच थर असतो.

शिकागोजवळच्या अर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत अली एर्देमिर यांनी १९९० च्या दशकात या थरातला हायड्रोजन वाढवत नेला. घर्षण कमी करायचे तर थर जास्तीत जास्त कठीण हवा, असे कुणालाही वाटेल. हायड्रोजनने भरलेला थर तर बिनहायड्रोजनच्या थरापेक्षा मऊ असतो. तरीही कोरड्या नायट्रोजनमध्ये त्याचा घर्षणांक ०.००१ च्या आसपास उतरला. टेफ्लॉनचा साधारण ०.०४ असतो. त्याच कोरड्या वायूत बिनहायड्रोजनचा कठीण थर मात्र ०.६ च्या घरात जातो, म्हणजे पोलादावर कोरडे पोलाद घासावे तसा अडखळतो.

कारण पृष्ठभागावरच्या अणूंत आहे. कार्बनचे मोकळे बंध समोरच्या पृष्ठभागाला पकडू पाहतात. हायड्रोजन ते आधीच व्यापून टाकतो, मग पकडायला काही उरत नाही.

हवा दमट झाली की चित्र पालटते. बिनहायड्रोजनच्या थराचे मोकळे बंध पाण्याच्या वाफेने भागतात आणि तो सरकू लागतो. हायड्रोजनवाल्या थराचे घर्षण उलट वाढते. म्हणून फिरत्या तबकडीवर गोळी दाबून घर्षण मोजताना यंत्राभोवतीची हवाही सांभाळावी लागते. आर्द्रतेची नोंद नसेल, तर तो आकडा कुणाशीही ताडून पाहता येत नाही.

एर्देमिर यांच्याच गटाचे २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले काम मला ०.००१ च्या त्या आकड्याहून मोलाचे वाटते. मॉलिब्डेनम नायट्राइडमध्ये तांब्याचे सूक्ष्म कण मिसळलेला लेप त्यांनी साध्या तेलात घासला. घासल्या जागी काळा थर जमला. रामन वर्णपटात तो डीएलसीसारखा निघाला! तांब्याच्या मदतीने तेलाचे लांब रेणू तुटत होते आणि त्यांतल्या कार्बनपासून थर तिथेच तयार होत होता. आधी चढवलेला लेप झिजला की संपला. हा झिजेच्या जागीच पुन्हा बनतो. इंजिनासाठी हा गुण विक्रमी आकड्यापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

घड्याळापासून यंत्राच्या सुट्या भागांपर्यंत ‘डीएलसी’चा शिक्का आता सर्रास दिसतो. तो पाहिला, की दोन प्रश्न जरूर विचारा: थरात हायड्रोजन किती, आणि चाचणी कोणत्या हवेत झाली?