विमानाचा कारागीर

बेलापूरच्या खाडीकाठीं उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें, तर पलीकडे उलव्याच्या बाजूस विमानें उतरतांना व उडतांना दिसतात. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानें सुटूं लागलीं. तीं पाहून वैमानिक व्हावें असें पुष्कळ मुलांस वाटतें. परंतु ज्याच्या सहीवर विसंबून वैमानिक आकाशांत जातो, त्या कारागिराची आठवण क्वचितच कोणास होते. त्याच्या शिक्षणाविषयीं चार गोष्टी वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या नौदलापाशीं जशीं जहाजें, तशींच विमानेंही आहेत. मुंबईस कुलाब्याचा शिक्रा व गोव्यांत दाभोळीचा हंसा हे त्याचे हवाईतळ होत. या विमानांची निगा राखणारे तरुण नौसैनिक केरळांत कोची येथें तयार होतात. तेथील गरुड हा नौदलाचा हवाईतळ ११ मे १९५३ रोजीं सुरू झाला.

या विद्येंत शिरणाऱ्या तरुणास वाटतें कीं, आतां लगेच इंजिन उघडावयास मिळेल. पण आरंभ होतो तो हत्यारांपासून. प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड हिची जागा फळीवर ठरलेली असून तेथें तिची आकृति रंगविलेली असते. जागा रिकामी असली कीं दुरूनही कळतें. कामापूर्वीं हत्यारें मोजावयाचीं व कामानंतर पुन्हां मोजावयाचीं. एक जरी कमी भरलें, तरी तें सांपडेपर्यंत विमान उडत नाहीं. कारण विसरलेला पाना सुकाणूच्या दांड्यांत अडकला, तर अनर्थ ओढवतो.

पुढें तो तार बांधावयास शिकतो. विमान सतत थरथरत असल्यामुळें बोल्ट सैल होण्याचें भय असतें. म्हणून दोन बोल्टांच्या माथ्यांतून पीळ दिलेली तार अशा रीतीनें ओंवितात कीं, एक सैल होऊं लागला तर दुसरा घट्ट ओढला जावा. तार उलट्या बाजूनें बांधली, तर दिसावयास ती तशीच दिसते, पण उपयोग शून्य! नौसैनिकास आणखी एक शत्रु असतो, तो म्हणजे समुद्राचा खारा वारा. त्यानें धातूस गंज चढतो. म्हणून विमानें गोड्या पाण्यानें पुनःपुन्हां धुवावीं लागतात.

इतकी काटेकोरी कशासाठीं, असें कोणी विचारील. १० जून १९९० रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका विमानाची वैमानिकापुढील कांच सुमारें १७,००० फुटांवर निखळली व कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सेवकांनीं त्याचे पाय घट्ट धरून ठेविले, सहवैमानिकानें विमान खालीं उतरविलें, आणि सुदैवानें सर्वांचे प्राण वाचले. चौकशींत आढळलें कीं, कांच बसवितांना लाविलेल्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट एका मिलिमीटरहूनही कमी अशा फरकानें बारीक होते. बसविणारा मनुष्य अडाणी नव्हता, चांगला अनुभवी होता. त्यानें सूचींतील क्रमांक न पाहतां, जुन्या बोल्टाशीं नजरेनें ताडून नवे घेतले, एवढेंच.

म्हणून या विद्येचा खरा धडा हातांचा नसून मनाचा आहे. "माझ्या हातून चूक झाली असावी, पुन्हां पाहूं या," असें जो आपल्या वरिष्ठास निर्भयपणें सांगतो, तो उत्तम कारागीर. जो चूक झांकतो, तो कितीही कुशल असला तरी विमानाजवळ उभा करण्यास योग्य नव्हे.

प्रवासी विमानांच्या कामासाठीं नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. त्या शिक्षणास सामान्यतः बारावीपर्यंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागतें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या मुलानें वा मुलीनें या कामाची आवड दाखविली, तर तेलानें माखलेले हात पाहून नाक मुरडूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, गणिताचें उत्तर शेजाऱ्याच्या वहीशीं नजरेनें जुळवितांना त्या ८४ बोल्टांची आठवण ठेवा!