शब्दांचा पट आणि कुस्तीचा आखाडा : प्रतिष्ठा कोण देते, गुरू की गुणांकन?

नवी दिल्ली : राजधानीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलाच्या कुस्ती सभागृहाला खाशाबा जाधव यांचे नाव आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा साताऱ्याचा हा मल्ल मातीतल्या परंपरेतून घडला. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या स्पर्धा याहून वेगळ्या वाटतात; तथापि दोन्हींच्या शिस्तीत लक्षणीय साम्य आहे.

मल्ल सलामी देऊन लढतीस प्रारंभ करतो. स्पर्धात्मक स्क्रॅबलमध्ये अक्षरांची पिशवी डोळ्यांच्या पातळीवर धरूनच टाइल काढण्याचा दंडक आहे. हात स्वच्छ आहे, हे प्रतिस्पर्ध्याला दिसावे एवढाच त्याचा हेतू. कुस्तीत हूल दिली जाते, तशीच स्क्रॅबलमध्येही. अस्तित्वात नसलेला शब्द मांडता येतो आणि प्रतिस्पर्ध्याने आक्षेप न घेतल्यास तो पटावर राहतो. आक्षेप फोल ठरल्यास दंड होतो. कोठे प्रतिस्पर्ध्याला जादा गुण मिळतात, तर कोठे पाळी गमवावी लागते.

खरा भेद प्रतिष्ठेच्या उगमात आहे. दिल्लीच्या सब्जी मंडी परिसरातील बिर्ला व्यायामशाळेत गुरू हनुमान यांनी मल्लांच्या पिढ्या घडविल्या. त्यांना १९८७ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांचे शिष्य सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि पुढे छत्रसाल स्टेडियममध्ये स्वतः शिष्य तयार केले. येथे मल्लाची ओळख तालमीच्या नावाने होते. स्क्रॅबलपटूची ओळख मात्र गुणांकनाने होते आणि ते प्रत्येक स्पर्धेनंतर चढते वा उतरते. या पद्धतीचे मूळ भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी रचलेल्या गणितात आहे.

विशेष म्हणजे युद्धकलेतील श्रेणीही पटावरूनच आली. १८८२ मध्ये कोदोकान स्थापन करणारे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी ‘दान’ श्रेणी ‘गो’ या बैठ्या खेळातून घेतली. मात्र ज्युदोत मिळालेली श्रेणी पराभवाने हिरावली जात नाही.

दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. २००७ मध्ये मुंबईत जागतिक स्क्रॅबल स्पर्धा जिंकणारे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषा बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळविले. शब्द पाठ झाले, अर्थाची गरज पडली नाही. गुणांकन कौशल्य मोजते, संस्कार नव्हे. उलटपक्षी, गुरुजनांविषयीचा आदर प्रश्न विचारण्याच्या आड येऊ शकतो. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंना न्यायासाठी जंतर मंतरवर बसावे लागले, तेव्हा या क्षेत्रातील अधिकाराला उत्तरदायित्वाची जोड किती आवश्यक आहे, हे देशाने पाहिले.

गुणांकनासमोर सारे समान असतात. गुरू शिष्याला पराभव पचवायला शिकवतो. नव्या खेळाडूला या दोहोंचीही गरज आहे.