घट कशाची?

कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याला वजन आणि माल यांतला फरक शिकवायला जाऊ नये. जमिनीतून काढलेलं अद्रक (पुण्यामुंबईकडे ज्याला आलं म्हणतात, ते) मातीसकट काट्यावर चढवलं तर व्यापारी माती वजा धरणारच. तेच वाळवून सुंठ केली तर पाच किलोंची जेमतेम किलोभर उरते. या घटीचं कुणाला दुःख नसतं. गेलं ते पाणी, तिखटपणा जागच्या जागी.

हे आठवलं ते कन्नडच्या आमच्या एका काकूंच्या फोनमुळे. "अरे, ते वजनाचं इंजेक्शन म्हणतात ते काय असतं? सुनेच्या मैत्रिणीचे चौदा किलो उतरले म्हणे. मला चालंल का?"

काकू साठीच्या. उंची पाच फूट, वजन ६६ किलो, साखरेची गोळी कित्येक वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं आणि तेही ५५ मिनिटांत आटपायचं, त्यांनी चार महिने नेटाने पाळली होती. पुढे लग्नसराई आली.

या इंजेक्शनांचा उगम आपल्याच आतड्यात आहे. जेवण आतड्यात उतरलं की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठराला सावकाश रिकामं व्हायला सांगतं आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतं. अडचण एकच, ते रक्तात दोनेक मिनिटांतच मोडायला लागतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना अमेरिकी वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात याच्याशी मिळतंजुळतं, पण बराच वेळ टिकणारं रसायन सापडलं. गौताळ्याच्या जंगलातल्या आपल्या घोरपडीची ही लांबची नातलग वर्षातून मोजक्याच वेळा जेवते, आणि भूक मारणाऱ्या औषधांना वाट दाखवायला नेमकी तीच भेटावी, ही गंमतच. त्या रसायनावरून बेतलेलं मधुमेहाचं पहिलं औषध २००५ मध्ये आलं. पुढे मूळ मानवी संप्रेरकालाच मेदाम्लाची शेपटी जोडून आठवडाभर टिकणारं सेमाग्लुटाइड तयार झालं. 'ओझेम्पिक' आणि 'वेगोव्ही' या नावांखाली असतं ते हेच. 'मौंजारो'तलं टिर्झेपेटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं.

आकडे खरोखर मोठे आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जणांपैकी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, तर औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या पुढे मजल मारली. २०२५ मध्ये दोन्ही औषधं समोरासमोर उभी केली, तेव्हाही टिर्झेपेटाइडच पुढे निघालं. पण सेमाग्लुटाइडच्या पदरात आणखी एक गोष्ट आहे. हृदयविकार असलेल्या, जाड, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे, त्याने किलोंच्या शर्यतीत कोण पहिला आला यापेक्षा हे आधी पाहावं.

गोळ्यांमध्ये जुनी उरली आहे ती ऑर्लिस्टॅट. ती आतड्यात चरबी पचवणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे खाल्लेल्या तेलतुपाचा साधारण तिसरा हिस्सा न पचताच बाहेर पडतो. कसा बाहेर पडतो, ते भज्यांच्या ताटानंतर घेऊन बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. वर्षभरात नुसत्या पथ्यापेक्षा तीनेक किलोंचाच फरक पडतो. भूक मारणारं सिब्युट्रामाइन एकेकाळी आपल्याकडे सर्रास मिळायचं. हृदयाला धोका दिसल्यावर २०११ मध्ये त्यावर बंदी आली. वजनाच्या औषधांचा इतिहास असा मागे घेतलेल्या औषधांनी भरलेला आहे, म्हणून डॉक्टर नव्या औषधाकडेही जरा दबकत बघतात तेव्हा त्यांना जुनाट म्हणू नये.

आता घटीकडे येतो. या इंजेक्शनांनी उतरलेल्या दर दहा किलोंपैकी अडीच ते चार किलो चरबीशिवायचं वजन असतं, आणि त्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो. घटवलेला आहार असो की शस्त्रक्रिया, भराभर वजन उतरलं की थोडंफार असं होतंच. शंभर किलोंच्या धिप्पाड अमेरिकी माणसाला ते परवडतं. आपलं काय?

याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात शोधावं लागतं. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. जन्मतः ही बाळं सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्पटनची साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळीकडून बारीक होती, स्नायू आणि पोटातले अवयव तर फारच लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळपास शाबूत. २००४ मध्ये याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! काट्याने दोघांना एकाच पारड्यात बसवलं होतं.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ ला सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा. त्याबरोबर कंबर मोजायची, बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी. पण याज्ञिकांच्या फोटोची दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. चरबी जास्त याचा अर्थ स्नायू आधीच कमी. साठीच्या, भाकरी-वरणावर आणि चहावर दिवस काढणाऱ्या बाईची भूक औषधाने अर्धी केली, तर ताटातून आधी काय गळेल? भाकरी अर्धी होईल, डाळ आणि दही त्याहून कमी. प्रथिनं आधीच तोकडी, त्यात चालणं बंद. मग सहा महिन्यांनी काटा खूश असेल, आणि काकू उठताना भिंत धरतील.

आणि औषध थांबवलं तर? ६८ आठवड्यांच्या त्याच चाचणीतल्या काही जणांचं इंजेक्शन बंद करून वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. साठीनंतर परत येणारं वजन बहुतेक चरबीचंच असतं. म्हणजे आधीपेक्षा कमी स्नायू आणि तेच जुनं पोट. त्यामुळे किंमत महिन्याची नाही, वर्षांची मोजायची. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आपल्याकडे आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची आठवड्याची कुपी ४,३७५ रुपयांना होती. महिन्याचे झाले १७,५००, म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने लांब धाग्याचा दोन क्विंटलांहून जास्त कापूस. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. हे चांगलंच झालं. पण स्वस्त झालं म्हणून ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध होत नाही.

काकूंच्या बाबतीत चिठ्ठीचं कारण त्यांच्या डब्यातच होतं. त्यांच्या साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ते जेवलात की नाही हे न विचारता इन्सुलिन सोडायला लावतं. वरून इंजेक्शनने भूक मारली आणि त्यात एकादशी आली, की साखर धाडकन उतरू शकते. त्या गोळीची मात्रा आधी कमी करावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच करायची. पहिल्या महिन्यांत मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, म्हणून मात्रा महिन्याला एकेक पायरी चढवतात. भराभर उतरणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याची भीती असते. थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा घरात इतिहास असेल, किंवा बाळ हवं असेल, तर ही औषधं नकोतच. शिवाय इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं. वापरात असलेलं काही दिवस बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. एप्रिल-मेच्या कन्नडमध्ये, वीज गेलेल्या दुपारी, तो ३० अंशांचा कोपरा घरात कुठे सापडायचा?

"म्हणजे नको म्हणतोस?" काकूंचा आवाज पडला.

नको असं नव्हतं. साखर, गुडघे, कंबर ९६ सेंटिमीटर, बीएमआय अठ्ठावीसच्या वर, या हिशेबाने त्यांना औषधाचा विचार करण्याजोगं कारण नक्की आहे. छत्रपती संभाजीनगरला जाऊन, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत नेऊन, डॉक्टरांना विचारायलाच हवं. फक्त जाण्याआधी एक मोजमाप घरी करून ठेवा म्हटलं. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, सुनेने मोबाइलवर वेळ लावायची. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पायांत जोर कमी आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

संध्याकाळी सुनेचा निरोप आला. एकोणीस सेकंद. चौथ्या वेळेला आईंनी खुर्चीच्या हाताला धरलं, तर ते धरायचं की सोडायचं, असं विचारतायत.