दोन शेपट्यांचा कोळी

आंब्याच्या जुन्या खोडाला टेकून विसावणाऱ्या वाटसरूच्या पाठीशी पुष्कळदा एक शिकारी दबा धरून असतो. हा हर्सिलिइडी कुलातील कोळी. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीला लुका या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३६ साली सॅव्हिन्यी हे नाव दिले. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे चपटे, करडे अंग तो सालीशी असे चिकटवतो की त्याची सावलीही पडू नये. मागे दिसणाऱ्या दोन शेपट्या म्हणजे वास्तविक सूत सोडणाऱ्या लांब नळ्या होत.

भक्ष्य धरण्यासाठी गोल जाळे तो विणीत नाही. मुंगी जवळ आली की झेप घेतो, शेपट्या तिच्याकडे रोखून तिच्याभोवती गरगर फिरतो आणि पापणी लवते न लवते तोच तिला सुताने सालीला जखडून टाकतो. चावा मागाहून!

परंतु शिकारीसाठी हलावे, तर पाखराच्या नजरेस पडण्याचे भय. आपण बुंध्याला चुना फासतो, तेव्हा तर त्या बिचाऱ्याचे न हलणेही व्यर्थ ठरते. पांढऱ्यावर करडे लपणार कसे? बोट जवळ न्यावे, तो स्वारी खोडाच्या पलीकडे पसार झालेली असते.