कुवेत : तेलापूर्वीचा आणि तेलानंतरचा

बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे जाताना नारळी-पोफळीच्या वाड्यांत जी पक्की घरे दिसतात, त्यांतील कित्येक आखातातल्या कमाईवर उभी आहेत, हे श्रीवर्धन तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु ज्या मुलखांतून ही कमाई आली, त्यांच्याविषयीची आपली माहिती पगार, विमानभाडे आणि रजेचे दिवस यांच्यापलीकडे क्वचितच जाते. त्या मुलखांपैकी कुवेतचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी इतका निगडित आहे की, त्याचा प्रारंभ तेलापासून करणे हा त्याच्यावर आणि आपल्यावरही अन्याय होय.

सुमारे १७,८१८ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या अडीचपट विस्ताराचा हा देश. बारमाही नदी एकही नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सबाह घराण्याचा अंमल असलेले हे बंदर मोत्यांवर आणि गलबतांवर जगत असे. मलबारच्या सागवानाची गलबते बांधावीत, बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई, कालिकत गाठावे, परतताना लाकूड, तांदूळ, मसाले न्यावेत, आणि समुद्रातून काढलेले मोती मुंबईच्या व्यापाऱ्यांस विकावेत, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. पिण्याचे गोडे पाणीसुद्धा शत्त-अल-अरबमधून होड्यांनी आणावे लागे. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि जागतिक मंदीने १९३० नंतर या उदिमाचा कणाच मोडला.

राजकीय दृष्ट्याही अंतर थोडेच होते. कुवेतचे शेख मुबारक यांनी १८९९ साली इंग्रजांशी करारनामा केला, आणि त्या काळी बोर्ली पंचतन ज्या जंजिरा संस्थानात होते त्याचा सिद्दी नवाबही इंग्रजांचाच मांडलिक होता. दोन्ही किनाऱ्यांवर ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारची छाया होती. कुवेतच्या बाजारात चलन होते ते आपल्या रुपयाचे! स्वातंत्र्यानंतरही हा व्यवहार चालू राहिला. परंतु सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी आखातात गेलेले रुपये परत आले की भारताला त्यांच्या बदल्यात परकीय चलन मोजावे लागे, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी निराळ्या रंगांच्या नोटा काढल्या. दहाची नोट तांबडी, शंभराची हिरवी, क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर, आणि भारतात तिला मोल नाही, असा तो ‘आखाती रुपया’ होता. १९६१ च्या एप्रिलमध्ये एका दिनारास सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक या दराने तो बदलून घेण्यात आला, आणि त्याच वर्षी १९ जूनला कुवेत स्वतंत्र झाले.

बुरगान येथे तेल १९३८ च्या फेब्रुवारीत लागले होते, पण महायुद्धामुळे पहिले जहाज रवाना व्हावयास १९४६ चा जून उजाडला. कुवेतच्या राज्यकर्त्यांचे खरे शहाणपण मला त्यांच्या शिलकीच्या व्यवस्थेत दिसते. स्वातंत्र्याच्याही आधी, १९५३ साली, त्यांनी तेलाचे उत्पन्न गुंतविण्यासाठी लंडनमध्ये मंडळ स्थापिले, आणि १९७६ पासून महसुलाचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी वेगळा काढण्याचा कायदाच केला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजांनी देश गिळला, परतताना सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटविल्या. त्या संकटात आणि नंतरच्या पुनर्बांधणीत हीच शिल्लक उपयोगी पडली. आक्रमणानंतरच्या महिन्यांतच अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीय मायदेशी आणले गेले.

मात्र या संपन्नतेचा एक भाग मन व्यथित करणारा आहे. रहिवाशांत नागरिक सुमारे एक-तृतीयांशच. बाकीचे चाकरमानी, आणि त्यांत सर्वांत मोठा समूह, सुमारे दहा लाखांचा, भारतीयांचा. ‘कफाला’ पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाच्या हाती राहतो. १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीस आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्यू पावले. १९६२ च्या राज्यघटनेने निर्माण केलेली निर्वाचित सभाही २०२४ च्या मे महिन्यात अमीरांनी विसर्जित केली आहे.

आपल्या भागातून आखातात गेलेल्या पहिल्या पिढीची माणसे आता थकली आहेत. ज्यांच्या घरी जुने पासपोर्ट, पत्रे, नोकरीचे करार अथवा एखादी तांबडी नोट असेल, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये. त्यांची नक्कल गावच्या वाचनालयात द्यावी, आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात.